गाडीचा भाव आणि वहिनींची वही

एचएसआर लेआउट हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या आईला ती एखादी रक्ताची तपासणी वाटली होती. "ईएसआर वाढलाय का त्याचा?" असं तिनं मावशीला काळजीनं फोनवर विचारलं. मावशी म्हणाली, "अगं, घर घेतलंय त्यानं तिथं!" होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या मधला हा बंगळूरचा भाग, म्हणून एचएसआर. आता तिथं सकाळी फिरायला निघालं की अगरा तलावाच्या काठावर कन्नड, तमिळ, हिंदीच्या जोडीनं पुण्याची आणि नागपूरची मराठीही ऐकू येते. कोपऱ्याकोपऱ्यावर नव्या कंपन्यांची कार्यालयं आहेत, आणि कॉफीच्या दुकानात शेजारच्या टेबलावरची पोरं कोटींखाली बोलत नाहीत.

माझा मावसभाऊ, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो, तिथं वीस वर्षं राहतो आहे. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, मूळचा कोल्हापूरचा. लहानपणी तो दसऱ्याला वडिलांच्या खांद्यावर बसून दसरा चौकात जायचा, तो सोनं लुटण्यासाठी नव्हे, तर छत्रपतींची मेबॅक मोटार बघण्यासाठी. ती मोटार एकदा डोळ्यांत बसली ती बसलीच. नोकरीत जम बसल्यावर इतरांनी दुसरा फ्लॅट घेतला. दादानं २०१३ साली चिकमगळूरकडच्या एका कॉफीच्या मळ्यातून, कोंबड्या झोपत होत्या अशा शेडमधून, नऊ लाखांना एक जुनी मोटार उचलली. एमजी टीडी, १९५१ सालची, विलायतेत बनलेली, दोन माणसांची स्पोर्ट्‌स मोटार. आज रस्त्यावर दिसणाऱ्या नव्या एमजींशी तिचं नातं फक्त नावाचं. ही बुटकी, लांब नाकाची, वर कापडी टप असलेली. साडेबाराशे सीसीचं इंजिन, पुढं दोन मोठे दिवे बटाट्यासारखे बाहेर आलेले. अशा जवळजवळ तीस हजार गाड्या तीन-चार वर्षांत बनल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या.

या गाडीचा सांगाडा लाकडाचा असतो, त्यावर पत्रा ठोकलेला. मळ्यात तिला वाळवी लागली होती. दादानं कोल्हापूरहून बैलगाड्यांची चाकं करणाऱ्या घरातला एक सुतार आणून महिनाभर घरी ठेवला. जे. सी. रोडवरची सुट्या भागांची दुकानं पालथी घातली, नाही मिळालं ते विलायतेहून मागवलं आणि त्यावर सीमाशुल्क भरलं. सहा वर्षांत आणखी अकरा लाख गेले. गाडी मात्र अशी झाली की किल्ली फिरवल्यावर पेट्रोलचा पंप आधी टिकटिक टिकटिक असा बोलायचा आणि मग इंजिन घुमायचं. ती टिकटिक ऐकायला सोसायटीतली पोरं जिन्यात थांबायची.

वहिनी लग्नाआधी इचलकरंजीच्या एका पतसंस्थेत हिशेब लिहायच्या. अजूनही घराचा हिशेब त्या वहीतच ठेवतात. डाव्या पानावर आपलं काय आहे ते, उजव्या पानावर काय जातं ते. गाडीवरून दोघांचा वाद व्हायचा तो खर्चावरून नव्हे, पानावरून. दादाचं म्हणणं, गाडी डाव्या पानावर हवी. "अगं, पंचवीस लाख द्यायला लोक तयार आहेत. फ्लॅटसारखीच संपत्ती आहे ती." वहिनी म्हणायच्या, "अहो, तयार आहेत म्हणजे काय? कुणी पैसे मोजून टेबलावर ठेवलेत का? मला तरी ती उजव्या पानावरच दिसते. दर महिन्याला."

मी या वादात नेहमी दादाच्या बाजूनं असायचो. गाडीत बसायला मिळायचं, हे खरं कारण.

मग २०२० चा मार्च आला. जानेवारीत बेचाळीस हजारांना शिवलेला सेन्सेक्स घसरत घसरत सोमवारी, २३ मार्चला, एका दिवसात तीन हजार नऊशेहून अधिक अंशांनी कोसळला आणि सव्वीस हजारांच्या खाली बंद झाला. शंभरातले तेरा रुपये एका दिवसात गेले. आमच्यासारख्या महिन्याला दोन हजार गुंतवणाऱ्यांच्या पोटात नुसता गोळा आला. दादाचं दुखणं वेगळं होतं. त्यानं चोवीस लाखांचे शेअर बँकेकडे तारण ठेवून बारा लाखांचं कर्ज काढलेलं होतं. सात लाख गाडीच्या कामात घातले होते, पाच लाख मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशात. तेव्हा शेअरच्या तारणावर किमतीच्या निम्म्यापर्यंतच कर्ज ठेवता यायचं. शेअर चोवीसाचे पंधरा लाखांवर आले की निम्मे म्हणजे साडेसात लाख. वरचे साडेचार लाख बँकेला लगेच हवे असतात, नाहीतर ती तारणातले शेअर बाजारात येईल त्या भावाला विकून मोकळी होते. सोमवारी संध्याकाळीच दादाच्या फोनवर तसा निरोप आला.

त्या रात्री त्याचा मला फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. "तुमच्या साप्ताहिकाच्या ओळखीत जुन्या गाड्यांचा शौकीन कुणी आहे का रे? एमजी काढायची आहे."

मी माझ्या परीनं तीन-चार ठिकाणी फोन केले. दादानं तर आठ-दहा केले असतील. "विकायची झाली तर पहिला फोन मला" असं सांगून ठेवलेले एक डॉक्टर होते, एक बांधकाम व्यावसायिक होते, एक कॉफीचे मळेवाले होते. कुणी 'नाही' म्हटलं नाही. डॉक्टर म्हणाले, "थोडं शांत होऊ द्या." बांधकामवाल्यांनी फोन उचलला नाही. मळेवाल्यांनी उलट विचारलं, "माझी एक आहे, ती घेता का?" अखेर मुंबईच्या एका जुन्या गाड्यांच्या दलालानं आकडा सांगितला. आठ लाख, आहे त्या स्थितीत, आणण्याचा खर्च तुमचा. दादा "विचार करतो" म्हणाला तर तो म्हणाला, "करा की. उद्या सातच म्हणेन."

तेव्हापासून मला एक गोष्ट कळली आहे. शेअर पडला की त्याचा पडलेला भाव पडद्यावर लाल अक्षरांत दिसतो, आणि त्या भावाला घेणारा कुणीतरी असतो. जुन्या मोटारीला तसा पडदाच नाही. बाजार पडतो तेव्हा तिचा भाव पडत नाही, गिऱ्हाईक नाहीसं होतं. मालकाला थांबता आलं तर गाडीची किंमत काल होती तीच. थांबता आलं नाही, तर दलाल म्हणेल ती.

पुढं टाळेबंदीत वेळच वेळ होता, तेव्हा मी या विषयावर मिळेल ते वाचत बसलो. आमच्या घरातलीच ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर जगात अनेकदा होऊन गेली आहे, हे वाचून दादाला जरा बरं वाटेल, असाही हेतू होता.

डिसेंबर १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ड्यूसेनबर्ग कंपनीनं आपली 'मॉडेल जे' ही मोटार मांडली. नुसत्या सांगाड्याची किंमत साडेआठ हजार डॉलर, वरचं अंग गिऱ्हाइकानं वेगळं बांधून घ्यायचं. पाचशे गाड्या काढायचा बेत होता. दहा महिन्यांत वॉल स्ट्रीटचा बाजार कोसळला. त्या पाचशे गाड्या १९३७ साली कंपनी बंद पडेपर्यंतही पुऱ्या झाल्या नाहीत. आणि या पडत्या काळात तिच्याकडून गाडी घेणारे कोण? तर त्यात आपले इंदूरचे यशवंतराव होळकर. त्यांच्या गाडीवर लंडनच्या गर्नी नटिंग यांनी १९३६ साली अंग चढवलं, केशरी आणि काळ्या रंगाचं. होळकरांचा पैसा वॉल स्ट्रीटवर अडकलेला नसावा, म्हणून त्यांना हे जमलं असावं. ती गाडी आज जगातल्या नावाजलेल्या मोटारींत गणली जाते.

फ्रान्समध्ये बुगाटींनी त्याच सुमाराला राजेरजवाड्यांसाठी म्हणून 'रोयाल' नावाची अवाढव्य मोटार काढली. मंदीमुळे एकूण सहाच बनल्या, विकल्या गेल्या तीन, आणि राजा एकानंही घेतली नाही. तिच्यासाठी केलेली इंजिनं शेवटी फ्रान्सच्या रेल्वेच्या डब्यांना बसवली. त्या सहांपैकी एक लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लिलावात निघाली ती नोव्हेंबर १९८७ मध्ये, म्हणजे १९ ऑक्टोबरला जगभरचे शेअरबाजार कोसळल्यावर एका महिन्याच्या आत. ती पंचावन्न लाख पौंडांना गेली! कागदावरचा विश्वास उडालेले लोक हाताला लागेल अशी वस्तू शोधत होते.

मात्र त्यामुळं पुढची दोन-तीन वर्षं सगळ्यांना वाटलं की बाजार पडला की जुनी मोटार चढतेच. ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो फेरारी वारले आणि फेरारींचे भाव वेड लागल्यासारखे धावले. गाडी हाती येण्याआधी तिच्या नोंदणीच्या पावत्या नफ्यानं विकल्या जात होत्या. लोक कर्ज काढून गाड्या घेऊन कोठारात ठेवत होते. विलायतेत व्याजाचा दर पंधरा टक्क्यांवर गेला. जपानचा निक्केई १९८९ च्या अखेरीस जवळजवळ एकोणचाळीस हजारांवर होता, तो नऊ-दहा महिन्यांत निम्म्यावर आला. मग मात्र फेरारीही कोसळल्या. ज्या २५० जीटीओला एक कोट डॉलरहून जास्त मिळाले होते, तिला नव्वदच्या दशकाच्या मध्याला तीस लाखांच्या आसपास मिळू लागले. मोटार तीच, इंजिन तेच, रंगही तोच. बदलले होते ते मालकांच्या दारात उभे असलेले वसुलीवाले. (अशाच एका जीटीओला २०१८ साली अमेरिकेत चार कोटी चौऱ्याऐंशी लाख डॉलर आले. पण तोवर कितीजणांना दम निघाला असेल?)

आपल्याकडे नेमकं उलटं चित्र लोकांच्या मनात आहे. १९९२ च्या एप्रिलमध्ये सेन्सेक्स साडेचार हजारांना टेकला होता आणि हर्षद मेहतांच्या लेक्ससचं नाव गल्लीबोळात पोचलं होतं. दादा तेव्हा कॉलेजात होता. तो सांगतो, त्यांच्या वसतिगृहात लेक्ससचं चित्र भिंतीला चिकटवलं होतं आणि घोटाळा बाहेर आल्यावरही कुणी काढलं नाही. बाजार चढला की मोटार येते आणि पडला की मोटार जाते, हे गणित आमच्या पिढ्यांनी तिथूनच शिकलं. ते साऱ्यांना लागू पडत नाही. लेहमन ब्रदर्स बुडून आठ महिने झालेले असताना, मे २००९ मध्ये, इटलीत १९५७ सालची एक फेरारी टेस्टा रोसा नव्वद लाख युरोंना गेली, तेव्हाचा तो लिलावातला विक्रम होता. मे २०२२ मध्ये अमेरिकेचा बाजार महिनोन् महिने घसरत असताना मर्सिडीजनं आपल्या संग्रहालयातली १९५५ सालची एक गाडी साडेतेरा कोट युरोंना विकली. त्या उंचीवरच्या लोकांना उसनं काढावं लागत नाही, म्हणून त्यांच्या गाड्यांना पडझड बाधत नाही. ती बाधते आमच्या दादासारख्यांना. पगारातून घेतलेल्या, कर्जानं दुरुस्त केलेल्या, वीस-पंचवीस लाखांच्या गाड्यांना.

हे सगळं मी दादाला फोनवर रंगवून सांगितलं. तो म्हणाला, "होळकर ठीक आहेत रे. माझे साडेचार लाख कुठनं आले ते वहिनीला विचार."

ते असं झालं होतं. सोमवारी रात्री तो फोनांवर फोन करत होता तेव्हा वहिनी आत कपाट उघडून बसल्या होत्या. मंगळवारी सकाळी तोंडाला ओढणी गुंडाळून त्या बँकेत गेल्या आणि पाटल्या, तोडे, गोठ, मावशीनं घातलेला राणीहार तारण ठेवून साडेचार लाख घेऊन आल्या. ते कर्जखात्यात भरले. त्याच रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी, २५ मार्चला, गुढीपाडवा होता. दरवर्षी वहिनी गुढीला आपला राणीहार घालायच्या. त्या वर्षी साखरेच्या गाठीवर भागवलं. त्यांनी पाठवलेल्या फोटोत त्यांच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. आमच्या आईच्या ते लगेच लक्षात आलं, मला नाही आलं.

"वहिनी, गाडी उजव्या पानावर आहे म्हणता आणि तिच्यासाठी सोनं?" मी नंतर विचारलं.

"गाडीसाठी कुठलं, भावोजी? आठ लाखांना देऊन टाकली असती तर ह्यांनी जन्मभर तोंड पाडलं असतं. ते मला परवडलं नसतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि सोन्याला गिऱ्हाईक होतं. सोनं कुठल्याही दिवशी विकत घेणारा बसलेला असतो. तेच तर मी ह्यांना सांगत होते."

बाजार वर आला. दागिने दिवाळीआधी सुटले. सप्टेंबर २०२१ मध्ये सेन्सेक्सनं साठ हजार ओलांडले आणि एचएसआर लेआउटच्या गल्ल्यांत पैसा नुसता वाहू लागला. नव्या कंपन्यांतल्या तिशीच्या आतल्या मुलांना पगाराच्या जोडीला कंपनीचे शेअर मिळालेले, त्यांची किंमत दर सहा महिन्यांनी दुप्पट. दोन गल्ल्या पलीकडचा असाच एक मुलगा रोज पळायला जाताना गाडीपाशी थांबायचा. एका रविवारी तो वर आला आणि त्यानं एकतीस लाख देऊ केले.

दादा 'नाही' म्हणायच्या तयारीत होता. वहिनींनी चहाचे कप ठेवता ठेवता विचारलं, "पैसे कधी देणार?"

तो म्हणाला, "आज देतो."

त्या रात्री नवराबायकोचं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. दिवाळीत गाडी गेली. उरलेलं कर्ज फिटलं, बावीस लाख वहिनींनी मुदत ठेवीत टाकले. आपल्या वापरातली मोटार विकून नफा झाला तर त्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, हेही त्यांनीच शोधून काढलं. दादा महिनाभर खाली उतरताना जिन्याच्या उजव्या बाजूला बघायचा नाही, कारण तिथं रिकाम्या जागी तेलाचा डाग होता.

२०२२ साल उलटता उलटता वारं फिरलं. परदेशी पैसा आटला, नव्या कंपन्या माणसं कमी करू लागल्या. त्या मुलाची कंपनी बंद झाली. कागदावरचे त्याचे शेअर कागदच राहिले, आणि आई-वडिलांच्या नावानं काढलेल्या घराचा हप्ता मात्र खरा होता. जानेवारी २०२३ मध्ये तो दादाकडे आला. मुंबईच्या दलालानं पंधरा लाख सांगितले आहेत, म्हणाला, तुम्हाला परत हवी असेल तर सोळाला देतो.

दादाचे डोळे चमकले, हे त्यानं स्वतःच मला सांगितलं. एकतीसला विकलेली सोळाला परत! एवढं गणित जमलं असतं तर सोसायटीत त्याला शेअरबाजारातला जाणकार म्हणून हार घातला असता. तो 'हो' म्हणणार एवढ्यात वहिनी वही घेऊन आल्या.

"बाजार जागेवर असता तर पंचवीसला गेली असती. हा सव्वा वर्ष हिंडलाय, त्याचे तीन वजा. बावीस होतात."

"अगं, तो स्वतः सोळा म्हणतोय."

"म्हणू दे. आपल्याला आठ म्हणणाऱ्याचा आवाज मला अजून आठवतो."

त्या मुलाला मराठी येत नाही. तो दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत राहिला. दादानं आकडा सांगितला तेव्हा त्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मुदत ठेव मोडली, थोडं व्याज बुडालं, ते वहिनींनी वहीत लिहून ठेवलं आहे. मुलानं एकच विचारलं, महिन्यातून एखाद्या रविवारी चालवायला मिळेल का?

गेल्या वर्षी मी आठवडाभर तिथं राहिलो होतो. शहराचं वय वाढलं तसे नियमही आले आहेत. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी होते, वीस हजार रुपये भरून. पण मग ती गाडी प्रदर्शनाला, रॅलीला नाहीतर दुरुस्तीला तेवढी रस्त्यावर काढायची. म्हणून दादानं अजून ती नोंदणी केलेली नाही. साधीच नोंदणी चालू ठेवतो, तपासणीला उभा राहतो, कर भरतो. नुसती ठेवायची असती तर चित्र काय वाईट होतं, असं म्हणतो.

रविवारी सकाळी साडेसहाला दाराची घंटा वाजली. तो मुलगा, आता दुसऱ्या एका कंपनीत लागलेला, हातात जुन्या चामड्याची टोपी घेऊन उभा. वहिनींनी त्याला आधी पोहे खायला बसवलं. मग दोघं खाली गेले, दादा मालकाच्या जागी बसला नाही, शेजारी बसला. पंपाची टिकटिक झाली. इंजिन काही लागेना. पुन्हा टिकटिक, पुन्हा शांतता. तिसऱ्यांदा गुरगुरलं आणि धूर सोडत गाडी अगरा तलावाच्या दिशेनं गेली.

वहिनी खिडकीतून आत आल्या, वही उघडली, उजव्या पानावर तारीख घातली आणि मला विचारलं, "भावोजी, बॅटरी साधारण कितीला येते हो?"